आय ॲम ॲग्री

घणसोली गावठाणात, व्यायामशाळेच्या वरच्या खोलीत
मंगळवारी-शुक्रवारी माझा क्लास.
खाली वजनं आपटतात, वर क्रियापदं.
सात बायका, दोन रिक्षावाले
आणि कॉल सेंटरची मुलाखत तीनदा हुकलेला प्रीतेश.

त्या दिवशी फळ्यावर लिहिलं : ॲग्री.
अर्थ सांगायला गेलो तर मराठीतून मूठभर निघाले,
पटणं, मानणं, कबूल होणं, रुकार देणं,
हिशेब जुळणं.
म्हटलं, माणूस असेल तर ॲग्री विथ,
अट असेल तर ॲग्री टू,
तारीख असेल तर ऑन.
प्रीतेशनं विचारलं, सर, बायको असेल तर विथ की टू?
रिक्षावाले हसले.
बायकांनी वहीतून मान वर काढली नाही.

खाण्यापिण्याचंही सांगितलं :
कोळंबी मला ॲग्री होत नाही,
म्हणजे मानवत नाही, अंगावर गांधी उठतात.
हे मात्र कुणालाच पटेना.
कोळंबी न मानवणारा माणूस
इथं शिकवायला आलाच कसा?

मग वाक्यं.
चांगुणाबाई मढवी, वय अठ्ठावन्न,
नातवाच्या उरलेल्या वहीत मागच्या पानापासून लिहितात.
उभ्या राहिल्या, पदर खोचला :
'आय ॲम ॲग्री.'

'ॲम नको,' मी म्हटलं. 'खोडा.
आय ॲग्री, बस्स.
सगळे हीच चूक करतात.'

बाई वहीकडे बघत राहिल्या.
'पन सर, मी हायेच ना आगरी.'

खोली हसली. मीही हसलो.
मग हसू ओसरलं,
खाजणातून ओहोटीचं पाणी उतरतं तसं,
आणि खालचा चिखल दिसायला लागला.

'सासरा आगरान मीठ पिकवाचा.
एक दिस सायेब आयलं, कागूद वाचला.
मराठीन वाचला का इंग्रजीन, कोनाला याद नाय.
सासऱ्यान आंगठा दिलान.
शाई निंगत नव्हती,
त मिठानी घासलान.'

खाली बसता बसता विचारलं,
'तो आंगठा कंचा व्हता, सर?
विथ, का टू?'

खडू हातातच राहिला.
व्याकरणावर माझं पोट आहे,
मला येतं ते एवढंच :
'मला पटलं' म्हणताना मी कर्ता नसतोच.
गोष्ट चालत येते आणि पटते,
मी फक्त तिथं असतो.
इंग्रजीत मात्र आय पुढं उभा, एकटा,
जे काय झालं ते त्यानंच केलं.

आणि 'सासऱ्यानं जमीन दिली'
यात दिली सासऱ्याशी जुळत नाही.
देणारा बाप्या असो, बाई असो, अख्खं गाव असो,
दिली ती दिलीच राहते,
शेवटपर्यंत जमिनीच्या बाजूनं.
हे फळ्यावर लिहिलं नाही.
सिलॅबसमध्ये नव्हतं.

क्लास सुटल्यावर बाईंनी मोबाईल पुढं केला.
बिल्डिंग पाडून नवी बांधणार आहेत.
बिल्डरचा मेसेज, एकवीस पानं,
तळाशी रिकामा चौकोन, शेजारी आय ॲग्री.
टिक केल्याशिवाय पुढं सरकत नाही.
सून म्हणते, दाबा हो आई, सगळ्यांनी दाबलं.
'म्हनून शिकाला आयलू.
दाबाचा का नाय, ता मागना बगू.
पयला वाचू.'
पहिल्या पानावर, हियरइनआफ्टरपाशी,
त्यांचं बोट कालपासून थांबलेलं.

वह्या तपासायला घरी आणल्या.
चांगुणाबाईंनी ॲम खोडला होता,
सांगितलं तसा.
पेन्सिलीनं, हलक्या हातानं,
रबर फिरवलं तर परत दिसेल
एवढाच.